हुकूमआबांनी दाबलेलं बटण

संध्याकाळच्या धारा काढायला सूनबाई गोठ्यात शिरली आणि सवयीनं तिचा हात दाराशेजारच्या खुंटीकडे गेला. खुंटीवर फोन नव्हता.

गोठ्यात चार म्हशी होत्या, चारही उन्हानं पोळून निघालेल्या. पाण्याचं डबकं महिन्यापूर्वीच आटलं होतं. तेव्हापासून दुपारभर त्यांच्या पाठीवर ओली पोती टाकायची आणि सुकली की परत भिजवायची, हाच एक उद्योग होता. तिघींचं दूध निम्म्यावर आलं होतं. घराचा सगळा रतीब आता एकट्या ढगीवर तोलून होता. ढगी दीड महिन्यापूर्वी व्याली होती आणि तिचं रेडकू आठव्या दिवशी गेलं होतं. रेडकू नसलेली म्हैस सहजासहजी पान्हा सोडत नाही. ढगी सोडायची, पण तिला आवाज लागायचा.

तो आवाज सासूबाईंचा. सूनबाई त्यांना आत्या म्हणायची. चाळीस वर्षं या गोठ्यात आत्यांशिवाय कुणी कासेला हात लावला नव्हता, आणि धार काढताना आत्या कधी गप्प बसल्या नव्हत्या. ढगीला तर त्यांनी बाटलीनं पाजून वाढवलेलं. पुढे त्यांचे गुडघे गेले, मग छाती भरून आली. शेवटच्या महिन्यात एका पहाटे सूनबाईनं फोन खुंटीला टांगला आणि काही न सांगता त्यांचा आवाज भरून घेतला. अर्ध्या तासाची अख्खी धार. त्यात गुणगुणणं होतं, माश्यांना शिव्या होत्या, खोकला होता, शेपटीला दिलेला दम होता. आत्या गेल्या त्या संध्याकाळी म्हशी लाथा झाडायला लागल्या, तेव्हा दुसरं काही सुचेना म्हणून तिनं तो आवाज लावला. म्हशींनी कान टवकारले आणि उभ्या राहिल्या. त्याला दीड वर्ष झालं. रोज दोन वेळा आत्या खुंटीवरून बोलायच्या आणि खाली सूनबाई मुकाट्यानं धार काढायची.

त्या आवाजात एके ठिकाणी आत्या म्हणायच्या, "अहो, दुसरी बादली द्या इकडे." की अंगणातल्या बाजेवरून सासरे उठायचे आणि बादली आणून द्यायचे. रोज, दोन्ही वेळा. घरात त्यावर कुणी हसलं नव्हतं, आणि बोललंही नव्हतं.

"मामंजी, फोन बघितलात का?" तिनं अंगणात डोकावून विचारलं.

"आहे. त्याचं काम चाललंय."

"कसलं काम?"

"वरून आलं होतं. करून टाकलं."

सासरे पाटाच्या दाराचे राखणदार म्हणून नोकरी करून निवृत्त झालेले. पाणी सोडायचा कागद आला की दार उघडायचं, बंदचा कागद आला की लावायचं. कागद नसेल तर नाही. एका वर्षी पुराचं पाणी कमरेपर्यंत चढलं, लोक काठावरून ओरडत होते, आणि हे दाराच्या चाकाला धरून उभे, का तर कागद आला नव्हता. तेव्हापासून सगळे त्यांना हुकूमआबा म्हणायचे. त्यांना त्याचा राग नव्हता. उलट कुणी नवा माणूस भेटला की तेच सांगायचे, "मला हुकूमआबा म्हणतात."

फोन खिडकीत होता, घडी घातलेल्या पंच्यावर आजाऱ्यासारखा निजवलेला. पडदा काळा, मधोमध एक पांढरं चक्र फिरत होतं. खाली बारीक अक्षरं होती. फोन बंद करू नका.

पंधरा दिवसांपासून ती चिठ्ठी फोनवर येत होती. नवीन आवृत्ती तयार आहे, आता बसवायची की नंतर. सूनबाई रोज 'नंतर' दाबायची. फोन जुना, पोट गच्च भरलेलं, बॅटरी अशी की वायर काढली की तासाभरात मान टाकणार. नव्याचं ओझं त्याला झेपायचं नाही एवढं तिला कुणी न शिकवता कळत होतं.

"कधीपासून फिरतंय हे?"

"दुपारी रेघ अर्ध्यापर्यंत गेली होती," आबा म्हणाले. "तेवढ्यात वीज गेली. मग हा निजला. वीज आल्यावर आपणहून उठला, तेव्हापासून नुसतं चक्र. मी बंद केला नाही हं. हलवलाही नाही. इथंच बसून आहे." त्यांनी बोट अक्षरांवर ठेवलं. "लिहिलंय ना, बंद करू नका."

चार तास म्हातारा खिडकीपाशी पहारा देत बसला होता. सूनबाई बादली उचलून गोठ्यात गेली.

पहिल्या तिघींनी कुरकुर करत, थांबत थांबत निम्मं-शिम्मं दिलं. त्यांची रेडकं होती, लावली आणि सोडवली. ढगी मात्र वेगळीच झाली. सूनबाईनं कास धुतली, सडांना तेलाचा हात लावला, पिळलं. चार थेंब. ढगीनं मान वळवून खुंटीकडे बघितलं. कान पुढे केले, मागे केले, परत पुढे केले. ती वाट बघत होती. सूनबाईनं पुन्हा पिळलं तशी लाथ आली ती थेट बादलीवर. बादली भिंतीवर आदळून गडगडत अंगणात गेली आणि बाजेवर बसलेले आबा दचकून उभे राहिले.

ते बादली आणायला उठले नव्हते. उठायचं कधी, हेच त्यांना कळत नव्हतं.

*

नवरा वैरण घेऊन अंधार पडताना आला. भारा गाडीवरून उतरवतानाच त्याच्या लक्षात आलं.

"काय झालं? चेहरे का असे?"

सूनबाईनं सांगितलं. तो ऐकता ऐकता ओट्यावर खाली बसला. मग वडिलांकडे वळला.

"आबा, ते पाटाचं दार वाटलं का तुम्हाला? आला हुकूम, उघडा!"

आबा नखं बघत राहिले.

"अहो, जाऊ द्या ना," सूनबाई हळूच म्हणाली. "उद्या दुकानात नेते. काढून देईल तो."

"आवाज काढून देईल?"

"देईल ना. फोनमध्येच तर आहे. कुठं जाणार आहे तो?"

हे ती ठामपणे म्हणाली आणि उठून खिडकीतलं चक्र परत बघून आली.

सकाळीही ढगीनं तेच केलं. रतिबाच्या दोन घरांना दूध पुरलं नाही. एका दारात एका आजींनी रिकामं भांडं नवऱ्यासमोर उलटं धरून दाखवलं आणि विचारलं, "आता यात काय चहाऐवजी तुझं तोंड उकळू?" तो हसला. घरी येऊन त्यानं हे हसत हसतच सांगितलं, पण सांगताना गाडीची किल्ली बोटाभोवती इतकी आवळत होता की बोट पांढरं पडलं.

*

मोबाईलवाल्याचं दुकान म्हणजे दोन दुकानांच्या मधली फट. काचेची पेटी, वर पिवळा दिवा, भिंतीला टांगलेली फोनची कव्हरं आणि मागे कपाळावर भिंग बांधून बसलेला तिशीतला माणूस. सूनबाईनं पंचा उलगडला.

"अरे वा! तान्ह्या बाळासारखं गुंडाळून आणलंय," तो म्हणाला. कुणीही हसलं नाही तेव्हा त्यानं भिंग खाली ओढलं.

पाठ उघडली. आतली बॅटरी फुगून टम्म झाली होती. त्यानं ती चिमट्यानं बाजूला ठेवली, दुसरी लावली, वायर जोडली, दोन बटणं एकदम दाबून धरली. चक्र आलं. गेलं. परत आलं. असं त्यानं पाच-सहा वेळा केलं. आबा प्रत्येक वेळी पुढे झुकायचे आणि परत मागे व्हायचे.

"अपडेट टाकलंत?"

"हो," आबा म्हणाले. "मी टाकलं."

"आजोबा, टाकायच्या आधी आतलं सगळं दुसरीकडे उतरवून घ्यायचं असतं. फोन जुना, जागा नाही, बॅटरीची ही दशा. त्यात वीज गेली असणार."

"गेली होती."

"मग काय! जुनं अर्धं निघालं आणि नवं अर्धंच बसलं. आता धड हे नाही, धड ते नाही."

आबांनी थोडा विचार केला. "अडलंय म्हणजे."

"हां. अडलंय."

"मग ओढून काढता येत नाही?"

मोबाईलवाल्यानं आबांकडे नीट बघितलं. त्याचा आवाज उतरला. "येतं ना. सगळं पुसून कोरं केलं तर फोन जगेल. पण पोटातलं जाईल."

सूनबाईला क्षणभर ऐकू आलं नाही. समोर त्याचे ओठ हलत होते. रस्त्यावरून एक टेम्पो गेला आणि काचेची पेटी थरथरली, ते तिला दिसलं, पण कानात काही शिरलंच नाही.

"त्यात एक आवाज आहे," ती म्हणाली. "अर्ध्या तासाचा."

"कार्डावर घेतला होता?"

त्यानं नखाएवढं कार्ड काढून आपल्या यंत्रात घातलं. कार्डावर बारा फोटो निघाले. ढगीचे, रेडकाचे, नव्या पत्र्यांचे. एका फोटोत म्हशीच्या पोटाखाली बांगडी घातलेला एक हात होता, मनगटापर्यंतच. आबांनी त्या हाताकडे बोट केलं आणि बोट तसंच राहिलं.

"आवाज नाहीये. तो फोनच्या आतच असणार. कुणाला पाठवला होता का? नणंद, मावशी, कुणीही?"

पाठवला होता. म्हणजे पाठवायला घेतला होता. नणंद म्हणाली होती, नको गं वहिनी, मला नाही ऐकवणार. आणि सूनबाईनं हात आवरता घेतला होता.

"मोठ्या शहरात नेला तर?"

"ताई, आतलं सगळं कुलपात असतं आणि किल्ली त्या जुन्या अर्ध्यातच होती. कुणी सांगेल काढून देतो, पैसेही घेईल. मी खोटी आशा लावणार नाही." त्यानं भिंग वर केलं. "कोणाचा होता आवाज?"

आबांचं बोट अजून त्या बांगडीच्या हातावरच होतं. त्यानं यंत्रातून कार्ड काढलं. "कोरा करून देऊ? निदान फोन तरी चालेल. रतिबाचे फोन येत असतील तुम्हाला."

येत होते. सूनबाई आबांकडे वळली. आबांनी पंचा काचेवर पसरला, त्यावर फोन ठेवला आणि चारही टोकं एकेक करून वर घेतली.

"राहू दे तसाच," ते म्हणाले.

मोबाईलवाल्यानं पैसे घेतले नाहीत.

*

परतीच्या रस्त्याला सावली नव्हती. डांबर चपलेला चिकटत होतं. आबा दोन पावलं मागे चालत होते, म्हणून त्यांनी बोलायला सुरुवात केली तेव्हा सूनबाईला त्यांचा चेहरा दिसला नाही.

"मी रोज दुपारी ऐकायचो."

ती थांबली.

"तू पोती भिजवायला गेलीस की. किती वाजले बघतो म्हणून घ्यायचो ना फोन? वेळ नव्हतो बघत. माझ्या मनगटावर घड्याळ आहे की." त्यांनी मनगट पुढे केलं, जणू तिला ते माहीतच नव्हतं. "पूर्ण नाही ऐकायचो. ती मला बादली मागते ना, तिथपर्यंत. मग बंद करायचो."

"मामंजी…"

"काल ती चिठ्ठी बरोबर तिच्या आवाजाच्या बटणावरच येऊन बसली. हलेना. आता की नंतर, आता की नंतर. मी सगळी वाचली. तीन वेळा वाचली. त्यात लिहिलं होतं, हे केलं की तुमचा फोन सुरक्षित राहील." ते जरा थांबले. "सुरक्षित राहील असं लिहिलं होतं, पोरी. मला वाटलं, मग तीही राहील."

कालपासून सूनबाईच्या मनात एक कडवट शब्द घोळत होता, तो ती गिळत होती आणि तो परत वर येत होता. आता तो कुठं गेला तिला कळेना. इतके दिवस एका घरात, एका माणसाला दोन वेळा ताट वाढायचं, आणि तो दुपारी काय करतो याचा पत्ता नाही. तिनं मागे जाऊन त्यांच्या हातातला पंचा घ्यायला हात पुढे केला. आबांनी दिला नाही.

*

त्या संध्याकाळी नवऱ्याच्या डोक्यात कल्पना आली. "आवाज गेला तर गेला. शब्द तर आहेत? तू म्हण ना. आईच्या चालीत म्हण. म्हशीला काय कळतंय कोण म्हणतंय?"

तिघं बाजेवर बसले आणि शब्द जुळवायला लागले.

"उतर गं उतर, माझ्या ढगा उतर," सूनबाई म्हणाली. "कासेत साठला पाऊस उतर."

"बरोबर. पुढे?"

"थेंबाला थेंब…" ती थांबली. "थेंबाला थेंब…"

"लावून?"

"लावून नाही. दुसरं काहीतरी आहे. लागून?"

"मग त्याच्यानंतर ते कुरणाचं होतं ना काहीतरी?"

"कुरणाचं आधी होतं."

"आधी नव्हतं गं. आधी ती शेपटीला ओरडायची."

"तुम्ही कधी होतात गोठ्यात?"

"आणि तू होतीस ना! रोज दोन वेळा, दीड वर्ष! तुला कसं आठवत नाही?"

खरंच, सूनबाईला कसं आठवत नव्हतं? हजारदा ऐकलं असेल. रोज ते आपोआप वाजायचं, आपोआप संपायचं, आणि ते धरून ठेवायचं काम तिच्याकडे कधी आलंच नव्हतं. फोन ठेवत होता ना. तिला खोकला आठवत होता. खोकल्याआधीची उसंत आठवत होती. शब्दांच्या जागी मात्र नुसता एक कढ होता, वर जाऊन खाली येणारा.

दोघांनी एकदमच आबांकडे बघितलं. चाळीस वर्षं.

आबांचे ओठ हलत होते. घाम गळ्यावरून सदऱ्यात उतरत होता.

"अहो, दुसरी बादली द्या इकडे," ते म्हणाले. मग म्हणाले, "एवढंच येतं मला."

*

तिसऱ्या दिवशी सकाळी ढगीच्या मागच्या डाव्या सडाला हात लावला आणि सूनबाईनं तो झटकन मागे घेतला. तो भाग दगडासारखा कडक होता आणि तव्यासारखा तापला होता. पिळल्यावर दुधाऐवजी पिवळट पाणी आलं, त्यात कण होते. ढगीनं या वेळी लाथ मारली नाही. तिचा मागचा पायच थरथरत होता.

जनावरांचे डॉक्टर दुपारी आले. सदरा पाठीला चिकटलेला, हातात रबरी मोजे. त्यांनी कास दाबून बघितली आणि मान हलवली.

"दूध कोंडलंय. तीन दिवस असं ठेवतात का? हा कोपरा सुजलाय. औषध सोडलंय आत, सुईही दिली, पण आजच्या आज मोकळी झाली नाही तर हा तर जाईलच, बाकीचे तीनही जातील. मग ही म्हैस दुधाची राहायची नाही. कुठे जाते अशी म्हैस, मी काय सांगायचं तुम्हाला."

सांगायची गरज नव्हती. आबा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

डॉक्टर गेल्यागेल्या शेजारची टकळीकाकू आली. तिचं बोलणं टकळीसारखं न थांबता फिरायचं म्हणून हे नाव. पदराआडून तिनं पान्ह्याच्या औषधाची बोटाएवढी कुपी काढली.

"हे घे. टोच नि मोकळी हो. दोन मिनिटांत कास सोडते की नाही बघ! आमच्या तिघी यावरच आहेत. डॉक्टरला नको विचारूस, तो नाही म्हणणार, त्याचं जातंय काय नाही म्हणायला? अगं एवढं काय तोंड पाडून बसलीस, म्हैस आहे ती, सासू नाही!"

"काकू, ते एकदा टोचलं की रोज मागते म्हणतात."

"मग रोज टोच!"

नवऱ्यानं कुपी हातात घेतली, उन्हात धरून बघितली. "आज तरी टोचू," तो म्हणाला. "आज एक दिवस. उद्याचं उद्या बघू. ऐकतेस ना?"

सूनबाई ऐकत होती. टकळीकाकूच्या म्हशी तिला माहीत होत्या. सुई दिसली की भिंतीला चिकटून लघवी करणाऱ्या, हाडं वर आलेल्या, चार वेतांत संपलेल्या.

"संध्याकाळची धार मला एकटीला काढू द्या," ती म्हणाली. "नाही जमलं तर तुम्ही टोचा. मी धरीन तिला."

*

ऊन उतरलं तेव्हा तिनं चारही म्हशींवर पाणी ओतलं. पत्रा अजून तडतडत होता. तिनं ढगीपुढं वैरण टाकली, कास कोमट पाण्यानं शेकली, खाली बसली, कपाळ म्हशीच्या कुशीला टेकवलं. ढगीची मान वळली. खुंटीकडे.

"नाही येणार आवाज," सूनबाई म्हणाली.

स्वतःचा आवाज गोठ्यात ऐकून तीच दचकली. दीड वर्ष ती इथं बोललीच नव्हती. पलीकडच्या म्हशीनं रवंथ थांबवला.

"तिकडे बघू नको, बाई. ती खुंटी रिकामी आहे. फोन गेला. म्हणजे आहे, पण त्यात काही उरलं नाही." बोटं आपोआप सडांवरून फिरत होती, सुजलेल्या कोपऱ्याला न दुखवता. "आणि फोनचं काय घेऊन बसलीस? फोनमध्ये तरी कुठे होत्या त्या?"

ढगीच्या पोटात काहीतरी गुरगुरलं. सूनबाईचं एक वाक्य बोलायचं राहिलं होतं. लोकांना सांगताना ते नवऱ्यानं सांगितलं होतं, नणंदेला शेजाऱ्यांनी कळवलं होतं, कागदावर कारकुनानं लिहिलं होतं. या घरातल्या कुणी या घरात ते मोठ्यानं उच्चारलं नव्हतं. गोठ्यात तर नाहीच. गोठ्यात त्या रोज दोन वेळा येत होत्या.

"आत्या गेल्या गं," ती म्हणाली. "दीड वर्ष झालं. तुला कुणी सांगितलंच नाही. मीच नाही सांगितलं. तू लाथा झाडायला लागलीस आणि मी तुला फसवलं. तुझं रेडकू गेलं तेव्हा तू तीन दिवस हंबरलीस, रडून मोकळी झालीस. त्यांच्यासाठी नाही हंबरलीस. मी हंबरूच दिलं नाही. पहाटे गेल्या त्या. मी पाणी द्यायला गेले, तर हात गार. या हातांनीच मी…"

पुढचं तिला बोलता येईना. ती म्हशीच्या कुशीत तोंड खुपसून रडायला लागली. धड गाणं नव्हतं ते, धड बोलणंही नव्हतं. वर जाऊन खाली येणारा नुसता एक कढ, आणि त्या कढाबरोबर तिची बोटं दाबत होती, सोडत होती.

ढगीनं मान लांब केली आणि एक हंबरडा फोडला. तो पोटातून असा आला की सूनबाईचं टेकवलेलं कपाळ हादरलं. दावं ताणलं गेलं, खुंटा करकरला. आणि तिच्या तळव्याखाली कास एकदम जड झाली, मग सैल. आधी एका सडातून, मग दुसऱ्या, मग तिसऱ्यातून धार लागली आणि रिकामी बादली वाजायला लागली.

चौथा कोपरा तसाच राहिला, दगडासारखा. त्यातून काही आलं नाही.

दारात नवरा उभा होता, हातात कुपी. तो मागं सरकला. त्याच्या बाजूनं आबा आत आले. त्यांनी सगळं ऐकलं होतं. चेहऱ्यावर असं होतं, की कुणी आत्ताच सायकलवरून येऊन निरोप दिलाय.

"गेली," ते म्हणाले. विचारल्यासारखं नाही, सांगितल्यासारखंही नाही.

"हो, मामंजी."

आबा उभ्या उभ्या हलले. नवरा धरायला पुढे झाला, पण त्यांनी गव्हाणीच्या कठड्याला हात टेकवून स्वतःला सावरलं. मग ते पलीकडच्या तीन म्हशींकडे बघू लागले. तिघींचे कान उभे होते.

"त्यांना सांगितलंस?"

"नाही अजून."

आबा चपला काढून अनवाणी, ओल्या शेणातून पहिल्या म्हशीपाशी गेले. त्यांनी तिच्या पाठीवर तळवा ठेवला.

"ऐक गं," ते म्हणाले.